शेवंतीबाईंचा दुसऱ्या मजल्यावरचा हॉल

मीरा रोडला एक मॉल आहे. ना धड मोठा, ना धड छोटा. निम्म्या दुकानांना टाळं आणि उरलेल्या निम्म्यांत दुकानदार मोबाइल बघत बसलेले. सरकत्या जिन्यांपैकी खाली येणारा चालू असतो आणि वर जाणारा बंद, त्यामुळे माणसं चढतात धापा टाकत आणि उतरतात ऐटीत. ह्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर शेवंतीबाई पाष्ट्यांचा हॉल आहे.

आता ‘शेवंतीबाईंचा’ म्हणजे कागदोपत्री त्यांचं नाव लागलेलं नाही. फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकाला भुलवायला मांडून ठेवतात तसला तो हॉल. विटकरी रंगाचा लांबरुंद सोफा, समोर काचेचा टीपॉय, त्यावर काचेच्या वाडग्यात लाकडी सफरचंदं. भिंतीवर मोठा टीव्ही, पण पुठ्ठ्याचा. एका बाजूला भारीतला पडदा आणि पडद्यामागे खिडकी नाही, भिंतच. शेवंतीबाईंना हे सगळं ठाऊक होतं. तरी रोज दुपारी आल्यावर त्या आधी पडदा बाजूला करायच्या. बंद पडदा म्हणजे घरात कोणीतरी आजारी असल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं.

ह्याची सुरुवात झाली गेल्या उन्हाळ्यात. शेवंतीबाई आणि त्यांचे यजमान महिपतराव गोडदेवच्या चाळीत राहतात. एक खोली, वर पत्रा. महिपतराव स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते, आता निवृत्त. दुपारी पत्रा तापला की खोलीत पापड भाजून निघाला असता. म्हणून दोघं गारव्याला मॉलमध्ये जायला लागली. पण मॉलवाल्यांनी, फुकटे बसतात म्हणून, सगळे बाक उचलून नेले होते. फिरून फिरून पाय दुखले की माणूस जाणार कुठे? दोघं ह्या दुकानाच्या दाराशी घुटमळायला लागली.

दुकानातला सेल्समन गुणवंत. पोरगेलासा गुजराती माणूस, जिभेवर मध. तो म्हणाला, “अरे काका, काकी, बैठो ना अंदर. आपलाच दुकान छे.”

ह्यात नुसता चांगुलपणा नव्हता, धंदाही होता. रिकाम्या दुकानात गिऱ्हाईक पाय ठेवत नाही. दोन म्हातारी माणसं सोफ्यावर निवांत बसलेली दिसली की लोकांना वाटतं, इथे काहीतरी खपतंय. पण भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हण गुणवंताच्या भाषेत नसावी.

पहिल्यांदा शेवंतीबाई सोफ्याच्या अगदी काठावर बसल्या, बँकेत बसतात तशा. मग हळूहळू पाठ टेकली. मग चपला गालिच्याच्या बाहेर निघायला लागल्या. पावसाळा संपेपर्यंत त्यांच्या पिशवीत फडकं यायला लागलं. टीपॉय पुसणं, उशा झटकणं, सफरचंदांवरची धूळ उडवणं. पुठ्ठ्याच्या टीव्हीवर त्यांनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल टाकला. दसऱ्याला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं, तर एक बाई गुणवंताला विचारून गेली, “ये तोरण साथ में आएगा क्या?” महिपतराव पेपर वाचत बसायचे आणि मधूनच पुठ्ठ्याच्या टीव्हीकडे बघून म्हणायचे, “बातम्यांत काय राम राहिला नाही.”

इथवर ठीक होतं. पण कोणी सोफ्याचा भाव विचारला की शेवंतीबाई गुणवंताच्या आधी बोलायच्या. “ये नहीं बेचने का है. तुम उधर का देखो ना, उधर का मजबूत है.” गुणवंत कपाळावर हात मारायचा. पण एकदा काकी म्हटलं की माणूस अडकतोच.

आता शेवंतीबाईंना हॉलचं एवढं वेड का, ते सांगायला हवं. त्यांची मुलगी संजना. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, स्वभावही सुईसारखाच सरळ. तिला बघायला आधी दोन ठिकाणची माणसं गोडदेवच्या खोलीत येऊन गेली होती. पहिल्यांदा मुलाचे मामा गॅसच्या सिलिंडरवर बसले. दुसऱ्यांदा मुलाची आत्या बसलीच नाही, पोह्यांची बशी घेऊन दारात उभी राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत राहिली. दोन्ही वेळा जाताना “बरं मग, कळवतो” म्हणाले आणि कोणी कळवलं नाही. संजनाला त्याचं काही वाटलं नाही. शेवंतीबाईंना वाटलं. मुलीत खोट नाही, खोलीत आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं आणि रात्ररात्र त्या पत्र्याकडे बघत पडून राहिल्या.

तिसरं स्थळ आलं निकेत गोताडचं. मुलगा कुरिअर कंपनीच्या हापिसात, माणसं मूळची लांज्याकडची, राहायला भाईंदर वेस्टला. संजना आणि निकेत फोनवर बोलले, एकदा बाहेर भेटले, एकमेकांना आवडले. आता राहिलं होतं ते रीतसर बघणं. मोठ्यांनी पोहे खायचे, मान हलवायची आणि होय म्हणायचं. त्याशिवाय ह्यांच्यात लग्न ठरत नाही, मग पोरांनी कितीही ठरवलेलं असो.

“आई, कॉफी शॉपमध्ये भेटू ना सगळे. हल्ली तसंच करतात,” संजना म्हणाली.

“हाटेलात बोलावणं म्हणजे बोलावणं आहे का? तिथे वेटर वाढणार. मग मी कोण? आपल्याला हॉल आहे ना!”

“कुठे आहे हॉल?”

“गुणवंताकडे.”

संजनाने आईकडे असं बघितलं, जसं ती शीर न सापडणाऱ्या दंडाकडे बघते. पण महिपतराव शांतपणे म्हणाले, “जागा ऐसपैस आहे. एसी आहे. मला काही वावगं दिसत नाही.” झालं, ठरलं. शेवंतीबाईंनी मुलाच्या आईला, अंबिकाबाईंना, फोन लावला. “रविवारी या हां. आमचं बसणं-उठणं मॉलमध्ये असतं, दुसऱ्या मजल्यावर.” समोरून एकही प्रश्न न येता “हो हो, येतो की” असं उत्तर आलं. शेवंतीबाई मनात म्हणाल्या, माणसं समजूतदार दिसतात.

रविवारी पहिलं विघ्न दारातच. मॉलमध्ये बाहेरचं खाणं न्यायला मनाई. शेवंतीबाईंनी पोहे कुकरमध्ये भरले होते. कुकर खोक्यात, खोकं पिशवीत.

“ये क्या है?” वॉचमन.

“कुकर. बदलने का है. शिट्टी नहीं मारता.”

वॉचमनने खोक्याला नाक लावलं. आतून कढीपत्ता, मोहरी आणि शेंगदाण्यांचा वास दरवळत होता. त्याने शेवंतीबाईंच्या नव्या साडीकडे बघितलं, मागे उभ्या असलेल्या, गजरा माळलेल्या, कपाळाला आठ्या घातलेल्या संजनाकडे बघितलं. “जाओ माताजी,” तो म्हणाला. “अच्छे से बदल लेना.”

गुणवंताला कल्पना दिली होती. दिली होती म्हणजे “पाहुणे येणार आहेत” एवढीच. कार्यक्रम कसला ते त्याला आत्ता, संजनाला बघून कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. “काकी, आज संडे छे! आज तर गिऱ्हाईक येतात. आणि शेठ बोलला, ह्या महिन्यात डिस्प्लेचा माल काढ, नाही तर तू निघ.”

“अर्ध्या तासाचं काम आहे रे. तुझ्या बहिणीचं म्हण.”

बहिणीचं म्हटल्यावर तो काय बोलणार? त्याने मोठ्या गिऱ्हाइकांसाठी ठेवलेला स्पेशल चहा सांगितला.

गोताड मंडळी आली. काशीनाथराव, अंबिकाबाई आणि मुलगा निकेत. गालिच्याच्या कडेला तिघं थबकली. वर मोठा बोर्ड, ‘भव्य सेल’. सोफ्याला लटकलेली किमतीची चिठ्ठी शेवंतीबाईंनी उशीखाली दडपली होती, पण तिची दोरी बाहेर दिसत होती.  मग काशीनाथरावांनी खाली वाकून चपला काढल्या. त्यांचं बघून अंबिकाबाईंनी काढल्या, निकेतने बूट काढले, आणि दुकानात खुर्च्या बघत हिंडणाऱ्या एका अनोळखी माणसानेही काय नियम असेल तो असेल म्हणून आपले सँडल काढून ठेवले.

“या, या. टेकून बसा ना, असं काठावर नको,” शेवंतीबाई म्हणाल्या. हे वाक्य म्हणायला त्या उभं आयुष्य थांबल्या होत्या. तिघंही एका वेळी बसली, मागे टेकली, तरी सोफ्यावर जागा उरली! शेवंतीबाईंना त्या उरलेल्या जागेकडे बघून भरून आलं.

मग बोलणं सुरू झालं. दुकान हा शब्द सोडून बाकी सगळ्यावर.

“हवा चांगली खेळती आहे,” काशीनाथराव एसीकडे बघत म्हणाले.

“पश्चिमेची,” महिपतराव म्हणाले.

“टीव्ही मोठाय.”

“आम्ही फारसा लावत नाही.”

“बरं करता. वीजही वाचते.”

संजना पोह्यांच्या बशा घेऊन आली. खाली बघून, रीतीप्रमाणे. निकेतने बशी घेताना तिच्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा हसू दाबून लाल झाला, तेव्हा तिने हळूच त्याच्या पायावर पाय दिला. अंबिकाबाईंनी पहिला घास घेतला. “मऊ झालेत हो. शेंगदाणे पण कसे कुरकुरीत राहिलेत.” शेवंतीबाईंनी मनातल्या मनात ग्रामदेवतेला नारळ बोलला.

आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही उगाच नाही. नेमक्या त्याच वेळी हंसाबेन आल्या. हंसाबेन म्हणजे सोफा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक, जोरकस बाई, हातात मोजपट्टी. त्या सरळ आल्या आणि त्या उरलेल्या जागेवर, काशीनाथरावांच्या शेजारी धपकन बसल्या. दोनदा उसळून बघितलं. त्यांच्याबरोबर काशीनाथरावही दोनदा उसळले.

“भाईसाब, फोम है के स्प्रिंग?”

काशीनाथराव परक्या घरात पाहुणे. घरच्या सोफ्याची उणीदुणी कशी काढणार? “चांगला असावा,” ते जपून म्हणाले.

शेवंतीबाईंचा जीव वरखाली झाला. हिला हाकलावं तर पाहुण्यांपुढे तमाशा. आणि घरात खाणं चाललेलं असताना दारी आलेल्या माणसाला तसंच ठेवायचं ही रीत त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. त्यांनी हंसाबेनच्या हातात पोह्यांची बशी दिली. हंसाबेननी ती घेतली, कारण त्यांच्याही सात पिढ्यांत समोर आलेलं नाही म्हणायची रीत नव्हती.

“बहु सरस,” त्या म्हणाल्या आणि खाता खाता त्यांचं लक्ष गजऱ्याकडे गेलं, मग निकेतच्या इस्त्रीच्या शर्टाकडे गेलं. “अच्छा! लड़की देखने का चालू है?” आता सोफा राहिला बाजूला. बाईंनी मांडी ठोकली आणि निकेतकडे वळल्या. “क्या करते हो बेटा? कुरिअर? परमनंट? दारू, गुटखा?”

“नाही, काही नाही,” निकेत घाबरून मराठीत म्हणाला.

हे प्रश्न विचारायची शेवंतीबाईंची छाती झाली नसती. त्यांना हंसाबेन एकदम देवासारख्या वाटल्या. पण बाईंची गाडी थांबणारी नव्हती.

“रहते किधर? भाईंदर वेस्ट? अपना मकान है? कितना रूम? घर में आदमी कितना?”

काशीनाथराव बशीतले शेंगदाणे एकीकडे काढायला लागले. अंबिकाबाई वाडग्यातल्या सफरचंदांकडे बघायला लागल्या.  पण शेवंतीबाईंचं तिकडे ध्यान कुठे होतं? हंसाबेनची मान आता त्यांच्याकडे वळत होती. “और आप लोग का मकान? किधर? कितना बड़ा?”

महिपतरावांनी पुठ्ठ्याच्या टीव्हीकडे बघितलं. त्यात काही नव्हतं.

तेवढ्यात हंसाबेनना आपलं मूळ काम आठवलं. त्यांनी गुणवंताला हाक मारली. “सुनो, ये सोफा फायनल. ये ही पीस, डिस्प्लेवाला. आज ही चाहिए, टेम्पो नीचे खड़ा है. हाटकेश ले जाने का है.”

गुणवंत आला. महिन्याभरातला पहिला मोठा सौदा समोर पोहे खात बसला होता, आणि तो बघत होता शेवंतीबाईंकडे. अगदी परवानगी मागितल्यासारखा.

शेवंतीबाई एकदाच म्हणाल्या असत्या, “ये नहीं बेचने का,” तर तो गप्प बसला असता. त्यांनाही ते कळत होतं. पण वर्षभर ज्याने बसा म्हणून बसवलं, त्याच्या पोटावर पाय कसा द्यायचा? त्यांनी उशी उचलली, दडपलेली चिठ्ठी बाहेर काढली, हाताने सपाट केली आणि हंसाबेनपुढे धरली.

“ले जाओ,” त्या म्हणाल्या. “अच्छा है. मैंने बहुत सांभाला है.”

मग जे झालं ते कुठल्याच बघण्याच्या कार्यक्रमात झालं नसेल. दोन हमाल आले आणि म्हणाले, “उठो साब.” मुलाकडची मंडळी बशा हातात धरून उठली. सोफा हलला, त्याखाली महिपतरावांची हरवलेली पेनं आणि कोणाच्या तरी पोराचा मोजा निघाला. सोफा दारातून आडवा जाईना, तेव्हा निकेतनेच बूट न घालता पुढे होऊन एक टोक धरलं, “इधर से तिरछा करो” म्हणत. संजनाने दुसरं टोक धरलं. हंसाबेन मागून ओरडत होत्या, “आहिस्ता, आहिस्ता! लड़का अच्छा है हां, हां बोल दो!”

सोफा गेला. दोन्ही पोरं त्याच्याबरोबर लिफ्टपर्यंत गेली. गालिच्यावर राहिली चार म्हातारी माणसं, चार बशा आणि एक कुकर.

शेवंतीबाईंना वाटलं, संपलं. आता लपवून तरी काय करायचंय? “अंबिकाताई,” त्या म्हणाल्या, “तुम्हाला दिसलंच असेल. हा आमचा हॉल नाही. आमची गोडदेवला एक खोली आहे. पत्र्याची. माणसं आली तर सिलिंडरवर बसतात. मला वाटलं, एकदा तरी पाहुण्यांनी नीट बसावं. पोरीला काही बोल लावू नका, ती नकोच म्हणत होती.” आणि त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. एवढ्या माणसांत रडायची लाज वाटली, तरी थांबवता येईना.

काशीनाथराव खाकरले. “बरं मग,” ते म्हणाले.

हे ‘बरं मग’ शेवंतीबाई ओळखत होत्या. त्यापुढचा शब्दही त्यांना ठाऊक होता. पण तो आला नाही. काशीनाथराव बायकोकडे बघत राहिले.

“मुलगी आम्हाला पसंत आहे,” अंबिकाबाई म्हणाल्या. “आता रीतीप्रमाणे तुम्ही आमचं घर बघायला यायचं. पुढच्या रविवारी.”

शेवंतीबाईंना आधी कळलंच नाही. मग हसू आणि रडू एकदम आलं. “येऊ की! भाईंदर वेस्टला ना? स्टेशनवरून रिक्षा कुठे सांगायची?”

 अंबिकाबाईंनी बशी टीपॉयवर ठेवली, पदर सारखा केला आणि गुणवंताजवळ गेल्या. आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, “भाई, वो पीछे में निळा सोफा है ना… वो हॉल रविवार को खाली है क्या?”

गुणवंताने वर छताकडे बघितलं.

गोताडांचंही घर एका खोलीचंच निघालं. वन रूम किचन, त्यात थोरला मुलगा, सून आणि दोन नातवंडं. निकेत मोरीच्या दाराशी झोपतो. काशीनाथराव दिवसभर खाडीच्या धक्क्यावर आणि अंबिकाबाई देवळात बसून असतात, सुनेला दुपारी जरा पाय पसरता यावेत म्हणून. हे सगळं अंबिकाबाईंनी तिथेच, हमालांनी उघड्या केलेल्या गालिच्यावर बसून सांगितलं, आणि शेवंतीबाई मध्येमध्ये “आमच्याकडे पण”, “अगदी आमच्यासारखं” म्हणत राहिल्या.

पुढच्या रविवारी पाष्टे मंडळी रीतसर घर बघायला गेली. निळा सोफा, उभा दिवा, भिंतीवर कुठल्याशा परक्या गावातल्या पुलाचं चित्र. गालिच्याच्या कडेला अंबिकाबाई ठेवणीतली साडी नेसून उभ्या होत्या, पदराच्या टोकाने टीपॉय पुसत. तो टीपॉय आधीच चकचकीत होता. “या, या,” त्या म्हणाल्या, “चपला राहू द्या हो.”

शेवंतीबाईंनी चपला काढल्या. मुलगी ज्या घरात द्यायची ते घर बघावं तसं त्यांनी ते सावकाश बघितलं. उशा बघितल्या, दिवा बघितला, पडदा थोडा बाजूला करून मागची भिंत बघितली आणि पडदा पुन्हा नीट लावला.

“घर छान ठेवलंय हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या.

अंबिकाबाईंना एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य कोणी म्हटलं नव्हतं. त्या शिऱ्याच्या डब्याकडे वळल्या आणि झाकण उघडायचं सोडून त्याच्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.